मिठूची हजेरी

माझ्या नातीला मिठू हे नाव तिच्या मामाने, म्हणजे माझ्या मुलाने दिलं. पोरगी चालायला लागली, पळायला लागली, तरी घराबाहेर तोंडातून ब्र काढेना. तेव्हा हा शहाणा म्हणाला, "मिठू म्हणत जा, म्हणजे पोपटासारखी बोलेल." नाव चिकटलं, बोलणं मात्र काही आलं नाही.

घरात बोलायची ती. पण आधी उठून दार लावायची. माझं घर आणि दुकान एकच आहे. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापडाचे तागे, आरसा, आणि मागे आमचा संसार. गिऱ्हाइकांसाठी दार दिवसभर उघडं असतं. मिठूला काही सांगायचं असलं की ती जागची उठायची, दार लोटायची, कडी बसली का बघायची, आणि मग माझ्या कानाशी येऊन बोलायला लागायची. एकदा सुरू झाली की थांबणं नाही. मुंगीला गुडघे असतात का, बटणाला चार भोकं असतात तर कुणाला दोनच का, असलं सगळं. तेवढ्यात दारावर थाप पडली की ही मशीनच्या खाली. गिऱ्हाईक बिचारं विचारायचं, "दुकान बंद आहे का हो?" आणि मी म्हणायची, "नाही, चर्चा चालू होती."

डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले. सगळं ठणठणीत. "भीती आहे, हळूहळू जाईल," म्हणाले. हळूहळू म्हणजे किती, ते डॉक्टर कधी सांगत नाहीत.

तिची आई, माझी लेक, दवाखान्याच्या धुलाईखान्यात पाळीवर असते. तिला वाटलं, मोठ्या शाळेत चार मुलांत मिसळली की सुटेल. म्हणून बसमध्ये बसवून तिला पलीकडच्या मोठ्या शाळेत घातलं. शाळा चांगली होती, मी नावं ठेवणार नाही. पण एका वर्गात इतकी मुलं की एक गप्प बसली तर बाईंना बरंच वाटायचं. मिठू भिंतीला टेकून बसायची. शू लागली तरी सांगायची नाही, ओले कपडे घेऊन घरी यायची. पुढे पुढे घरातही तिने दार लावणं सोडलं, कारण दार लावून सांगण्यासारखंच तिच्याजवळ काही उरलं नाही. मुंगीच्या गुडघ्यांबद्दल कुणी विचारेना, आणि ते घर मला खायला उठलं.

मग मीच तिला तिथून काढलं आणि आमच्या गल्लीच्या टोकाच्या छोट्या प्राथमिक शाळेत नेलं. दोन खोल्या, एक अंगण, एक बाई. चारही इयत्ता त्या एकट्या बाई सांभाळतात. पहिल्या दिवशी मी दाराशीच रेंगाळले. बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक मूल "हजर" म्हणत होतं. मिठूचं नाव आलं. सगळी मुलं मागे वळून बघायला लागली. भीतीने मिठूची बोटं बाकावर आपटत होती, टक टक. बाईंनी मान डोलावली. "मिठू हजर. ऐकू आलं," म्हणाल्या आणि पुढचं नाव घेतलं. बास, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मिठूने मुद्दाम टकटक केली. तिसऱ्या दिवशी सुतारभाऊंच्या मुलाने, ढोल्याने, तक्रार केली की तिला टकटक चालते तर आम्हाला का नाही. बाई म्हणाल्या, "चालेल की. तू आलास हे मला कळलं म्हणजे झालं." तेव्हापासून त्या शाळेत हजेरी म्हणजे एक तमाशा असतो. ढोल्या बकरीसारखा बें बें करतो. पोस्टमनकाकांचा नातू शीळ घालतो. पाववाल्याच्या जुळ्या मुली एकमेकींच्या हातावर टाळी देतात. मुलं घरी त्याचा सराव करतात, त्यामुळे कोणाचा आवाज कोणता हे सगळ्या गल्लीला पाठ. त्या गोंधळात आमच्या मिठूची टकटक वेगळी म्हणून कुणाच्या लक्षातही येईना. हीच बाईंची हुशारी.

हळूहळू ती शाळेत कुजबुजायला लागली. आधी पोस्टमनकाकांच्या नातवाशी, मग जुळ्यांशी, मग खुद्द बाईंशी. पण बाहेरचं माणूस दिसलं की पुन्हा तोंडाला कुलूप. तरी घरी आल्यावर दार परत लागायला लागलं आणि कडीचा आवाज आला की मला सण वाटायचा.

आणि अशात बातमी आली की शाळा बंद होणार. कारण काय, तर पट कमी. मुलं पंधरा-सोळा, आणि एवढ्यांसाठी शाळा परवडत नाही. मुलांना बसने मोठ्या शाळेत पाठवा.

त्याच बसने, त्याच शाळेत. मिठू बाहेर अंगणात काड्या गोळा करत होती, आणि मी आत हातातलं कापड उलटं शिवत बसले होते.

आमच्या गल्लीत माणसं एकमेकांशी भांडण्यात पटाईत आहेत, पण परक्याशी भांडायचं म्हटलं की एक होतात. समिती झाली. अध्यक्ष पोस्टमनकाका, कारण ते निवृत्त आहेत आणि त्यांच्याजवळ वेळच वेळ. सुतारभाऊ, पाववाला आणि त्याची बायको, आणि मी. सह्या गोळा झाल्या. मोर्चा ठरला. फलक मी शिवला, जुन्या निळ्या पडद्याची अक्षरं कापून: आमची शाळा राहू द्या. उत्साहाच्या भरात एवढा लांब शिवला की शिक्षण खात्याच्या कचेरीच्या दारातून आत जाईना. शेवटी काठ्या काढून, कापडाची गुंडाळी करून पाववाला एकटाच आत गेला आणि बाकीचे आम्ही बाहेर नुसत्या काठ्या घेऊन उभे. तरी कचेरीतल्यांच्या कानावर काहीतरी पडलं म्हणायचं. तिथल्या एक मॅडम स्वतः येऊन शाळा बघतील आणि मग ठरवतील, असं कळवलं गेलं.

मग काय विचारता. अंगण झाडलं, खिडक्या पुसल्या. बाई आदल्या दिवशी कामासाठी बाहेरगावी होत्या, म्हणजे अडवणारं कुणी नव्हतं. सुतारभाऊंकडे निळा तेलरंग उरला होता. त्यांनी दुपारी बसून सगळे बाक रंगवले, खिडक्यांच्या चौकटी रंगवल्या, दारसुद्धा रंगवलं. मी म्हटलं, "भाऊ, हवा दमट आहे. वाळेल का?"

"वहिनी, मी रंगाला ओळखतो," ते म्हणाले. "उद्या सकाळी खडखडीत."

सकाळी सगळे बाक सुंदर चमकत होते आणि बोट लावलं की बोट निळं होत होतं. सुतारभाऊ रंगाकडे असे बघत होते, जसं काही त्यानेच त्यांना फसवलं होतं.

आता पुढची गोष्ट आमच्या गल्लीतच होऊ शकते. आमच्याकडे पाहुणे यायचे असले की घर आवरायचं आणि मुलांना बाहेर हाकलायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पाहुणे येईपर्यंत उशीवर सुरकुती पडू द्यायची नाही. तेव्हा ओल्या रंगाकडे बघून कुणीतरी म्हणालं, मुलांना मैदानावर पाठवा, नाहीतर ती सगळं बरबटून ठेवतील. मॅडम दुपारी येणार, तोवर वाळेल, मग बोलावू. हे कोण म्हणालं ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. ठराव सर्वानुमते झाला. पोस्टमनकाकांच्या सुनेने सगळी वरात मैदानाकडे नेली. मिठू तेवढी गेली नाही. गडबड, नवे कपडे, मोठ्यांची तोंडं, हे सगळं बघून तिने माझं बोट घट्ट धरलं होतं. सोडवायला गेले तर डोळ्यांत पाणी. म्हटलं राहू दे.

आणि मॅडम सकाळीच आल्या.

त्यांची गाडी अंगणात थांबली तेव्हा आम्ही सगळे ठेवणीतले कपडे घालून, फलक धरून, ओळीत उभे होतो. मॅडम उतरल्या. राखाडी कोट, शिलाई उत्तम, फक्त डावी बाही जराशी आखूड. चेहऱ्यावरून वाईट वाटत नव्हत्या, थकलेल्या वाटत होत्या. आत आल्या, पहिली खोली बघितली, दुसरी बघितली. चमचमणारे बाक, स्वच्छ फळा, पुसलेल्या खिडक्या. त्या मागे वळल्या.

"छान ठेवलीय शाळा," म्हणाल्या. "मुलं कुठे आहेत?"

शेवटी सुतारभाऊ म्हणाले, "बाहेर पाठवलीत, मॅडम. घाण करतात."

त्यांच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं आणि मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्यांच्यासाठी शाळा वाचवायची तीच आम्ही झाडूनपुसून बाहेर काढली होती. मॅडमनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. पाववाल्याच्या बायकोने नवऱ्याकडे असं बघितलं की रात्रीचं जेवण त्याचं गेलंच. पोस्टमनकाकांच्या सुनेला फोन लावायला मी पिशवीत हात घातला तर फोन घरी, मशीनवर.

तेवढ्यात बाई पुढे आल्या. त्या नुकत्याच गावाहून परतल्या होत्या, प्रवासाची पिशवी अजून खांद्यावर होती. बाकांकडे एकदा बघून त्यांनी कपाळाला हात लावला होता, तेवढंच. मॅडमना म्हणाल्या, "माझी हजेरीची वेळ झाली आहे. घेऊ का?"

"कोणाची?" मॅडम म्हणाल्या.

बाईंनी उत्तर दिलं नाही. टेबलापाशी गेल्या आणि रोजच्यासारखं पहिलं नाव घेतलं. "ढोल्या."

रिकाम्या खोलीत मुलाचं नाव नुसतंच घुमलं. बाई वाट बघत राहिल्या. त्या नेहमीच वाट बघतात. आणि मग मागून, दाराशी उभ्या असलेल्या सुतारभाऊंनी मान खाली घातली, आणि बें बें केलं. हुबेहूब बकरी.

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं.

बाईंनी पुढचं नाव घेतलं. पोस्टमनकाकांनी नातवासाठी शीळ घालायला तोंड पुढे केलं, पण कवळीमुळे नुसती हवा निघाली, फुस्स. त्यांनी पुन्हा जोर लावला आणि एक बारीक, वाकडी शीळ कशीबशी निघाली. कुणी हसलं नाही. जुळ्यांची नावं आली तेव्हा पाववालीने हात पुढे केला, पाववाल्याने आपला पिठाळलेला पंजा त्यावर आपटला, आणि दोघंही त्या टाळीकडेच बघत राहिली. ज्यांचे आईबाप आले नव्हते त्यांच्यासाठी शेजारी ओरडले. कुणी बेडूक झालं, कुणी मोटारीचा भोंगा. गल्लीला सगळं पाठ होतं. पोरांचे आवाज मोठ्यांच्या तोंडून येत होते आणि खोली कशी आपोआप भरत गेली. मला रडू येत होतं, आणि हसूही.

मग बाई म्हणाल्या, "मिठू."

मिठू माझ्यापाशी होती. तिने बाक शोधला, पण बाक ओला. दार ओलं. चौकट ओली. तिची मूठ हवेतच राहिली. मी फलकाचा कोपरा शिवायला म्हणून सुयांचा पत्र्याचा डबा काखेत घेऊन आले होते. तो पुढे धरला. तिने झाकणावर टकटक केली.

"मिठू हजर. ऐकू आलं," बाई म्हणाल्या, आणि हजेरी संपली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "हे जे केलंत ते मी विसरणार नाही. पण मला जे दिसलं तेच लिहावं लागेल. मुलं एक. नियम नियम आहे." त्यांनाही ते जड जात होतं, हे दिसत होतं. लिहायला टेकावं म्हणून त्या सगळ्यांत जवळच्या बाकाकडे वळल्या.

त्या बाकाकडे. ओल्या, निळ्या बाकाकडे. राखाडी कोट घालून.

आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. सुतारभाऊंचे डोळे मोठे झाले. पोस्टमनकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. रंग ओला आहे हे सांगायचं म्हणजे आमचा सगळा मूर्खपणा पुन्हा सांगायचा, आणि तो दुसऱ्या कुणीतरी सांगावा म्हणून जो तो वाट बघत होता. मीही. मॅडम खाली वाकल्या.

"बसू नका," कुणीतरी म्हणालं. "रंग ओला आहे."

आवाज बारीक होता, थोडा घोगरा, वापरात नसलेल्या कुलपासारखा. पण स्पष्ट होता. मॅडम अर्ध्यातच थांबल्या आणि सरळ झाल्या. खोलीत कोण बोललं हे समजायला मला वेळ लागला, कारण तो आवाज मी कधी कडी न लावता ऐकलाच नव्हता.

"अगं बाई," मॅडम कोट सावरत म्हणाल्या. "वाचवलंस मला. मग कुठे बसू?"

मिठूने माझं बोट सोडलं. चालत गेली आणि बाईंच्या खुर्चीच्या पाठीला हात लावून दाखवला, हात स्वच्छ. "इथे. ही रंगवायची राहिली. रंग संपला."

मॅडम खुर्चीवर बसल्या, वर बघितलं, आणि गोंधळल्या. कारण समोर सुतारभाऊ खांद्याने डोळे पुसत होते, पाववाली तोंडाला रुमाल लावून होती, आणि बाई, ज्यांना मी कधी रडताना बघितलं नव्हतं, त्या फळ्याकडे तोंड करून पुसलेला फळा पुन्हा पुसत होत्या. माझं तर विचारूच नका.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या. "रंगच आहे ना?"

बाईंनी मागे न वळता सांगितलं. फार नाही, दोन-चार वाक्यांत. मोठी शाळा, भिंत, ओले कपडे, टकटक. आणि हे की मॅडम तिच्यासाठी परक्या आहेत, आणि परक्याशी ती आज जन्मात पहिल्यांदा बोलली.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मिठूकडे बघत राहिल्या. मिठू पण त्यांच्याकडे बघत होती, आखूड बाहीकडे. "माझी आजी हे लांब करून देईल," ती म्हणाली.

तेवढ्यात मैदानावरून पोरं आली. कुणी बोलावलं नव्हतं, भूक लागली म्हणून आली. चिखलाच्या पायांनी, ओरडत, ढकलत सगळी आत घुसली, आणि आम्ही "अरे रंग, रंग" म्हणेपर्यंत निम्मी निळी झाली होती. मॅडमनी त्यांना मोजलं. दोनदा मोजलं, कारण जुळ्या सारख्या हलत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, हजेरी परत एकदा घ्याल का? मला ऐकायची आहे."

शाळा राहिली. वरच्या लोकांना मॅडमनी काय सांगितलं ते त्यांनाच माहीत. बाई स्वतः दुकानात सांगायला आल्या की आत्ताची सगळी मुलं चौथी पास होईपर्यंत कुणी शाळेला हात लावणार नाही, पुढचं पुढे बघू. पोस्टमनकाकांना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी लगेच पुढच्या बैठकीची तारीख ठरवली, पलीकडच्या गल्लीतली मुलं आणायचं काम सुतारभाऊंवर सोपवलं. मला मात्र पुरेसं होतं. मला एवढंच हवं होतं.

बाकांवर अजून पोरांची बोटं उमटलेली आहेत. सुतारभाऊ म्हणतात घासून परत रंगवतो. बाई म्हणतात, तुम्ही रंगाला ओळखता हे आम्हाला कळलं, आता राहू द्या.

मिठू शाळेत हजेरीला अजून टकटकच करते. मी विचारलं, "आता बोलता येतं ना, मग?" तर म्हणाली, "येतं. पण ती माझी आहे." घरी मात्र तिला शाळाशाळा खेळायचं असतं. ती बाई होते आणि मला, कैचीला, आरशाला, कापडाच्या ताग्यांना हजेरीला उभं करते. प्रत्येकाचा आवाज तिने ठरवून दिला आहे. माझा आवाज म्हणजे शिवणयंत्राचं चाक एकदा फिरवायचं.

काल अशीच हजेरी चालू होती. एक गिऱ्हाईक परकरावर खूण करून घ्यायला आलं आणि उंबऱ्यावर उभं राहिलं. मिठूने त्या बाईकडे वळून बघितलं.

"थांबा जरा," तिने सांगितलं. "हजेरी चालू आहे."

मग माझं नाव घेतलं, मोठ्याने. मी चाक फिरवलं. दार सताड उघडं होतं.